सिंहगडावरचा रविवार आणि बावीसशे ऐंशी कॅलरी

"वहिनी, आणखी एक प्लेट सांगतो. घड्याळात सोळाशे नव्वद झाल्यात."

सकाळचे साडेदहा वाजले होते. कांदाभज्यांची पहिली प्लेट संपली होती, टपरीवाल्या मावशींची कढई धगधगत होती आणि माझे धाकटे दीर मनगट माझ्यापुढे धरून उभे होते. सोळाशे नव्वद कॅलरी जळाल्या, म्हणजे तेवढं खायचा परवाना मिळाला, असा त्यांचा साधा हिशेब. मी शाळेत गणित शिकवते. गणित चुकतंय एवढं मला कळत होतं, पण नेमकं कुठे चुकतंय ते गडावर सांगता येईना. दुसरी प्लेट आली आणि भाऊजींनी तीही एकट्यानेच संपवली. परतताना पायथ्याशी घड्याळाने २,२८० दाखवले, तेव्हा मी ठरवलं की घरी जाऊन हा दिवस कागदावर मांडायचा. हे लिखाण त्याच मांडणीचं.

जानेवारीतला रविवार, संक्रांत नुकतीच झालेली. आम्ही पाच जण होतो. भाऊजी ३९ वर्षांचे, वजन ८६ किलो, उंची १७४ सेंटिमीटर, पाठीवर सहा किलोची सॅक. मी ४३ वर्षांची, ६४ किलो, उंची १५८, पाठीवर दोन किलो. माझा मुलगा नऊ वर्षांचा, २७ किलो, हातात फक्त काठी, आणि तीही वाटेत तीनदा बदललेली. आम्ही तिघे आतकरवाडीतून पायवाटेने चढलो. सासूबाई, वय ६९, वजन ५८, गाडीने घाटरस्त्याने वर आल्या आणि वाहनतळापासून चालल्या. गाडी माझ्या नवऱ्याने चालवली. "घाटात गाडी चालवणं पण व्यायामच आहे," हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वेगवेगळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याची जी मोठी सूची संशोधक वापरतात, तिच्यात स्वस्थ बसणं १ धरून मोटार चालवण्यालाही २.५ असा आकडा दिलेला आहे. अर्ध्या तासाच्या घाटात त्याच्या पन्नासेक कॅलरी जास्त गेल्या असतील. त्याचं प्रकरण इथेच संपतं.

वेळ मोजायची ती चालण्याची

सहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही आतकरवाडी सोडली आणि आठ पंचवीसला पुणे दरवाजात पोचलो, म्हणजे एकशे पाच मिनिटांत. पण वाटेत चार थांबे झाले होते. एकदा लिंबू सरबत, एकदा काकडी, एकदा मुलाच्या बुटाची नाडी, आणि एकदा भाऊजींना खडकवासल्याच्या पाण्यावर पडलेलं ऊन फोटोत पकडायचं होतं म्हणून. मी नोंद ठेवली नव्हती, पण फोनमधल्या फोटोंच्या वेळा होत्या. त्यांवरून थांबे पंचवीस मिनिटांचे निघाले, म्हणजे खरं चढणं ऐंशी मिनिटांचं. गडावर आम्ही पावणेचार तास होतो. देवटाकं, तानाजी स्मारक, कल्याण दरवाजा आणि पुन्हा मागे, असं चालणं सत्तर मिनिटांचं झालं. बाकीचा वेळ बसणं, खाणं, आणि मुलाची लगोरी. उतरायला साठ मिनिटं लागली.

जवळपास सात तासांच्या सहलीत अंगाला खरोखर काम पडलं ते साडेतीन तास, आणि जड काम त्यातली ऐंशी मिनिटं. घोळाची पहिली जागा ही. "डोंगर चढणे" हा आकडा घेऊन त्याला सहलीच्या सगळ्या तासांनी गुणायचं, ही चूक मी स्वतःही पहिल्या कागदावर केली होती. भाऊजींसाठी उत्तर ३,७९३ आलं. एवढ्या कॅलरी जाळायच्या तर माणसाला पिठलं खायला बसतानासुद्धा चढत राहावं लागेल.

जाता जाता एकच खुलासा. खाण्याच्या बाबतीत आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. पाकिटांवर तसंच छापतात. मी बोलीभाषेतली कॅलरीच वापरते आहे.

चढाचा हिशेब तीन वाटांनी

गणिताच्या माणसाला एकाच रीतीने आलेल्या उत्तरावर झोप लागत नाही, म्हणून भाऊजींची चढण मी तीन रीतींनी काढली.

पहिली रीत सूचीची. तिचं नाव 'कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज'. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा आली, पुढे २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारली. तिच्यात प्रत्येक हालचालीला 'मेट' नावाचा आकडा असतो. स्वस्थ बसलेलं शरीर म्हणजे १ मेट, साधारण किलोमागे तासाला एक कॅलरी. २०११ च्या सूचीत ओझ्याशिवाय डोंगर चढणं ६.३ मेट आहे, आणि साडेचार ते नऊ किलोचं ओझं घेऊन ७.३. भाऊजींसाठी ७.३ गुणिले ८६ किलो गुणिले ऐंशी मिनिटं, उत्तर जवळजवळ ८४०.

दुसरी रीत चालण्याच्या सूत्राची. व्यायामशास्त्राच्या अमेरिकी संस्थेचं, एसीएसएमचं, हे सूत्र मला सूचीपेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात चढ वेगळा दिसतो. सपाटीवरच्या प्रत्येक मीटरला किलोमागे ०.१ मिलिलिटर ऑक्सिजन, आणि वर चढलेल्या प्रत्येक मीटरला १.८ मिलिलिटर. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे सुमारे पाच कॅलरी. आतकरवाडी ते पुणे दरवाजा हे अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि चढ सुमारे सहाशे मीटर. फोनवर तो ५९० ते ६१० मध्ये नाचत होता. सॅकसकट भाऊजी ९२ किलो. उंची चढण्याचे ४९७ आले, पुढे सरकण्याचे १२६, मिळून ६२३. त्यात ऐंशी मिनिटं नुसतं जिवंत राहण्याचे सत्त्याण्णव मिळवले की ७२०.

तिसरी रीत आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राची. ९२ किलो वजन सहाशे मीटर उचललं, वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे ५४१ किलोज्यूल. कॅलरीत सांगायचं तर १२९. एवढंच? हो, एवढंच. पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. चढताना खर्चलेल्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्सा वजन उचलण्यात जातो आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणूनच जानेवारीच्या गार सकाळी भाऊजींचा शर्ट दुसऱ्या थांब्यावरच पिळून काढण्यासारखा झाला होता. १२९ गुणिले चार म्हणजे ५१६. वरच्या सूत्राने उंचीचे ४९७ दिले होते. दोन अगदी वेगळ्या दारांनी आत शिरून माणसं एकाच ओसरीवर भेटावीत तसं झालं, आणि माझा या आकड्यावर विश्वास बसला.

तेव्हा चढण्याचा एकूण खर्च ७२० ते ८४०. बसून राहिले असते तरी गेले असते ते ९७ वजा केले, तर चढण्यामुळे जादा गेलेले ६२० ते ७४०.

दुसऱ्या रीतीतून दोन गोष्टी हाती लागल्या, आणि मला त्या आकड्यांपेक्षाही मोलाच्या वाटतात. एक, उंचीच्या हिशेबात वेळ कुठेच येत नाही. रविवारी सकाळी सिंहगडावर नेहमीची मंडळी असतात. आपण तिसऱ्या थांब्यावर धापा टाकत असतो आणि साठीचे एखादे आजोबा "चला चला" म्हणत बाजूने वर निघून जातात. चाळीस मिनिटांत वर पोचणाऱ्या त्या माणसाच्या किलोमागे जेवढ्या जादा कॅलरी जातात, जवळपास तेवढ्याच रमतगमत जाणाऱ्या माझ्याही जातात. त्यांच्या हृदयाला जो व्यायाम होतो तो मला होत नाही, पण ती वेगळी वही. दोन, सॅक. "सहा किलो पाठीवर घेऊन चढलोय, डबल धरा," असा भाऊजींचा आग्रह होता. सहा किलोंचा चढावरचा वाटा निघाला चाळीस कॅलरी. खांद्यांना ती सॅक चाळीस कॅलरींची वाटली नसणार, हे मी मान्य करते.

गडावरचं फिरणं आणि उतरण यांत फार रमत नाही. गडावर भाऊजींचे जादा दीडशे ते दोनशे. उतरताना गुडघे कुरकुरतात म्हणून कष्ट मोठे वाटतात, पण त्या वेळी स्नायू वजन उचलत नाहीत, फक्त अडवून धरतात. सूचीत उताराचं चालणं ३.३ मेट, म्हणजे सपाटीवर बऱ्यापैकी चालावं एवढंच. जादा १७० ते २१०. दिवसभराची बेरीज साडेनऊशे ते साडेअकराशे. एकच आकडा सांगा म्हणाल तर १,०५०, पण मी 'साडेनऊशे ते साडेअकराशे' असंच म्हणेन. चढाची उंची पंचवीस मीटरने चुकली तरी चढाच्या कॅलरीत वीसेकचा फरक पडतो, मग शेवटच्या आकड्यापर्यंत नेम धरण्यात अर्थ नाही.

घड्याळ खोटं बोललं नव्हतं

मग २,२८० कुठून आले? मी घड्याळ हातात घेऊन त्याच्या फोनमधल्या ॲपमध्ये शिरले. आधी मला वाटलं होतं, घड्याळानेच थाप मारली असणार. तसं नव्हतं. मनगटावर दिसत होती ती मध्यरात्रीपासूनची एकूण बेरीज. त्यात रात्रीची झोप होती, पहाटे उठून मोजे शोधणं होतं, गाडीत पेंगणं होतं. शरीर नुसतं चालू ठेवायलाही ऊर्जा लागते. वय, वजन, उंची यांवरून ती काढायचं मिफ्लिन-सेंट जॉर हे १९९० चं सूत्र भाऊजींना दिवसाला १,७६० देतं, म्हणजे तासाला ७३. मध्यरात्रीपासून दुपारी दीडपर्यंतचे साडेतेरा तास धरले तर ९८५. २,२८० मधून हे वजा केले की उरतात सुमारे १,२९५.

हे माझ्या १,०५० पेक्षा पावपट जास्त आहेत, आणि घड्याळासाठी ती वाईट कामगिरी नाही. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं साठ स्वयंसेवकांवर तपासली होती. नाडीचे ठोके सातांतल्या सहांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर सांगितले. कॅलरींत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. कारण उघड आहे. घड्याळाला ऑक्सिजन दिसत नाही. त्याला ठोके दिसतात, हाताची हालचाल दिसते, आणि बाकीचं ते अंदाजाने भरतं. ठोके चढाने वाढतात, तसेच उन्हाने वाढतात, चहाने वाढतात, आणि कड्याच्या टोकाकडे धावणाऱ्या पुतण्याच्या मागे "थांब!" असं ओरडतानाही वाढतात.

ॲपमध्ये आणखी एक गंमत सापडली. वजनाच्या रकान्यात ७८ लिहिलेलं होतं. घड्याळ घेतलं त्या दिवशीचं वजन. खरं ८६ भरलं असतं तर १,२९५ चा आकडा आणखी शे-सव्वाशेने फुगला असता. म्हणजे एक चूक वर ओढत होती, दुसरी खाली, आणि दोघी मिळून बऱ्यापैकी जवळ आल्या होत्या. परीक्षेत असं उत्तर आलं तर मी मार्क देत नाही.

भाऊजींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता. "पण झोपेतल्या कॅलरीही माझ्याच ना? त्या का वजा करायच्या?" त्याचं उत्तर प्रश्न काय आहे यावर अवलंबून. 'आज एकूण किती खर्च झाला?' असं विचाराल तर वजा करू नका. 'गडावर गेल्याने किती जादा झाला?' असं विचाराल तर करायलाच हवं, कारण घरी पडून राहिला असतात तरी ते ९८५ गेलेच असते, आणि त्यांच्या नावाने घरी दोन प्लेट भजी कुणी मागत नाही.

नऊ वर्षांचा आणि एकोणसत्तर वर्षांच्या

मुलाचा हिशेब मला वाटला होता त्याहून खूप अवघड निघाला.

पहिल्या फेरीत मी त्याला भाऊजींच्याच मापाने मोजलं. वजन २७, बाकी सगळं तेच. चढाचे जादा १८३ आले. त्याने कागदावर डोकावून पाहिलं आणि तोंड पाडलं. "काकाला सहाशे आणि मला एवढेच? मी तर सगळ्यांच्या पुढे होतो!" त्याचं म्हणणं खरं होतं. तो पुढे जात होता, आम्ही दिसेनासे झालो की परत खाली येत होता, पुन्हा वर जात होता. पावणेतीन किलोमीटरची वाट त्याने किती किलोमीटरची केली, कोण जाणे.

शिवाय माप मोठ्यांचं होतं. 'किलोमागे तासाला एक' हा पाया ज्या ३.५ मिलिलिटर ऑक्सिजनवर उभा आहे, तो आकडा मुळात सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीच्या एका पुरुषावरून आला असं सांगितलं जातं. आमच्या पाच जणांत त्या मापाचं कुणी नाही म्हटलं तरी चालेल. वाढत्या मुलाचं शरीर किलोमागे कितीतरी जास्त जाळतं. तीन ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठीचं स्कोफील्डचं सूत्र लावलं तर २७ किलोच्या माझ्या मुलाचा नुसता विश्रांतीचा खर्च दिवसाला १,११७ येतो. सासूबाईंचा, वजन ५८ किलो असून, १,०१० च्या आसपास. मी बेरीज दोनदा तपासली. नातू आजीच्या निम्म्याहून कमी वजनाचा, आणि दोघं शेजारीशेजारी गाढ झोपली तर जास्त कॅलरी नातवाच्या जातात. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणून तर सारखी भूक भूक करतो. तुम्हीच त्याला ओरडता."

मुलांसाठी आता वेगळी सूची आहे. तिच्यात सहा ते नऊ, दहा ते बारा असे चार वयोगट पाडलेत, आणि मोजणीचा पाया मुलांच्या स्वतःच्या विश्रांतीच्या खर्चाचा धरलाय. त्या वळणाने गेलं, परत परत खाली येणं धरलं, पस्तीस मिनिटांची लगोरी धरली, तर त्याचे दिवसाचे जादा ४०० ते ५५० होतात. पट्टा मोठा आहे हे दिसतंच आहे, आणि तो आकसवायचा प्रामाणिक मार्ग मला सापडला नाही. लगोरीत धावणं किती आणि "आउट होता-नव्हता" वरचं भांडण किती, हे कुठल्या सूचीत बघायचं?

पण त्याचं तोंड पडायचं कारण उरलं नाही. जादा कॅलरींना वजनाने भागलं तर भाऊजींच्या किलोमागे ११ ते १३. माझे दिवसाचे ६७० ते ७८०, किलोमागे दहा ते बारा, म्हणजे भाऊजींच्या जवळपास तेवढेच. वाट एक, उंची एक, मग फरक पडतो तो वजनाचा आणि सॅकचा. मुलाचे किलोमागे पंधरा ते वीस. हा तक्ता त्याने फ्रिजवर लावला आहे.

सासूबाई एकूण पंचावन्न मिनिटं चालल्या, हळूहळू, वाहनतळावरून वर, देवटाक्यापर्यंत, मग थोडं पुढे टिळक बंगल्याच्या बाजूला. त्यांचे जादा शंभर ते सव्वाशे. २०२४ मध्ये साठीच्या वरच्यांसाठीही वेगळी सूची आली, तिच्यात विश्रांतीचा पाया ३.५ ऐवजी २.७ धरलाय. नेहमीच्या मापाने मोजलं असतं तर त्यांचा बसल्याचा खर्च फुगून दिसला असता. शंभर हा आकडा भाऊजींच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण पायऱ्यांच्या शेवटच्या टप्प्यावर कठड्याला हात लावून त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या होत्या आणि मग कुणाचा हात न घेता वर आल्या. गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून सव्वा वर्षात त्या एवढं चालल्या नव्हत्या. कॅलरीच्या वहीत याला रकाना नाही, म्हणून मी ते इथे वेगळं लिहून ठेवते.

आता कढईकडे

भज्यांचा आकडा कुणाचा तरी वाचून लिहायचा नव्हता, म्हणून पुढच्या शनिवारी घरी केली. पन्नास ग्रॅम बेसन, एक मध्यम कांदा उभा चिरून, ओवा, तिखट, मीठ. कढई तेलासकट वजनकाट्यावर ठेवली. तळण झाल्यावर तेल निवू दिलं आणि पुन्हा ठेवली. अठ्ठावीस ग्रॅम कमी भरलं. तेल ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाचे २५२. बेसनाचे १८५, कांद्याचे चाळीस. एक प्लेट पावणेपाचशेची. गडावरची प्लेट याहून लहान नव्हती, एवढं नक्की सांगते.

भाऊजींचं त्या दिवशीचं खाणं मी असं मांडलं. भजी दोन प्लेट, ९५०. ज्वारीच्या दोन भाकरी, एकेकीत ऐंशी ग्रॅम पीठ धरून, ५५०. पिठलं, वरच्या तेलासकट, २८५. ठेचा आणि शेंगदाणे साठ. मडक्यातलं दही साखर घालून, दोन मडकी, २९०. सरबत ऐंशी. दोन चहा एकशेवीस. बेरीज २,३३५.

आता २,३३५ आणि २,२८० शेजारी ठेवून बघा. घड्याळाच्या हिशेबाने भाऊजींचा जमाखर्च जवळजवळ तंतोतंत जुळला होता, आणि म्हणूनच ते निर्धास्त होते. गडावरच्या जादा खर्चाशी, १,०५० शी तुलना केली, तर खाणं दुपटीहून जास्त.

पण इथे थांबले असते तर मीही त्यांच्यावर अन्यायच केला असता. पिठलं-भाकरी हे त्यांचं जेवण होतं, चढण्याचं बक्षीस नव्हे. घरी असते तरी जेवलेच असते. मग सगळा दिवस धरू. विश्रांतीचे चोवीस तासांचे १,७६०, गडाचे १,०५०, आणि बाकीची उठबस, पचन वगैरेंचे तीनशे, मिळून सुमारे ३,१००. त्यातले २,३३५ दुपारी दीडपर्यंत आत गेले होते. रात्रीसाठी पावणेआठशे शिल्लक. म्हणजे सर्वनाश झालेला नव्हता, फक्त भाऊजींना वाटत होतं तसा दिवस कोराही उरला नव्हता. पायथ्यावरून निघताना त्यांचा बेत संध्याकाळी मिसळ आणि वर मस्तानी असा होता. तो मी कुठल्याही आकड्याशिवाय, थकवा सांगून मोडला. रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड. तूप त्यांनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, तिकडे मी पाहिलं नाही.

पुढच्या वेळी राजगडावर जायचं घाटतंय. तेव्हा मी दोन गोष्टी करणार आहे. निघायच्या आधी प्रत्येकाला पिशवीसकट काट्यावर उभं करणार, आणि थांब्यांच्या वेळा वहीत टिपणार. तेवढ्याने माझ्या आकड्यांचा पट्टा निम्मा होईल. मुलाला तेव्हा घड्याळ हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

भाऊजींनी मात्र त्याच रात्री ॲपमध्ये ७८ खोडून ८६ केले. मला वाटलं, चला, काहीतरी पटलं. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आले ते मनगट पुढे करूनच. तोच जिना, तेवढंच चालणं, तेवढीच पावलं.

"वहिनी, बघा, वजन वाढवलं तर कॅलरी पण वाढल्या!"